लिनक्सवर चित्रं काढायची तर मिळेल तो स्वस्त टॅब्लेट घ्यावा का?

पाचपाखाडीकर

ठाण्यात शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकवते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट झाली की पुढे बऱ्याच जणांना कॉम्प्युटरवर काढायचं असतं. घरी दादाचा किंवा ताईचा जुना लॅपटॉप पडलेला असतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि यातल्या कितीतरी लॅपटॉपवर ११ अधिकृतपणे चढत नाही. लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम आणि क्रिता हे चित्र काढायचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की तेच यंत्र पुन्हा कामाला येतं. घोडं अडतं ते पेन-टॅब्लेटपाशी, म्हणजे लॅपटॉपला जोडून पेनाने काढायच्या पाटीपाशी.

माझं मत: टॅब्लेट घेताना डब्यावरच्या प्रेशर लेव्हल (पेनाच्या दाबाच्या पायऱ्या) बघू नका, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, लिनक्सच्या कर्नलमध्ये, त्याच्या गाभ्यातच, आहे का ते बघा. वॅकॉमचा कित्येक वर्षांपासून आहे. केबल लावली की पेन चालतं, दाब कळतो, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. पण 'वन बाय वॅकॉम'वर २०४८ लिहिलेलं आणि शेजारच्या स्वस्त डब्यावर ८१९२, म्हणून पालक दुसरा उचलतात. आठवीतल्या मुलाच्या हाताला हा फरक जाणवत नाही. त्याला जाणवतं ते वेगळंच. पेन हलकं टेकवा नाहीतर दाबून धरा, रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच जाडीची येते. दाबाची माहिती पोचतच नसते, पेनाचा नुसता माउस झालेला असतो. आणि पोराला वाटतं, आपला हातच वाईट. संताप येतो तो याचा.

वाशी सेक्टर १७

मॅडम, तुमची कळकळ पटते, पण लिनक्सचा आग्रह पटत नाही. मी जाहिरातींचं काम करतो. क्लायंट फोटोशॉपची लेयरवाली फाइल मागतो. लिनक्सवर ना फोटोशॉप, ना क्लिप स्टुडिओ. क्रितामध्ये ती फाइल उघडते, पण अक्षरांचे लेयर आणि इफेक्ट जसेच्या तसे राहतील याची हमी नाही. उद्या या मुलांना याच धंद्यात यायचं आहे, तर आजपासून धंद्यातलंच सॉफ्टवेअर हातात द्या. शिकण्याच्या वयात टर्मिनलमध्ये कमांड मारत बसायला लावणं हा अन्याय आहे.

ऐरोलीचा पेंग्विन

माझा विरोध वेगळ्या मुद्द्याला. 'कर्नलमध्ये हवा' म्हणजे 'वॅकॉमच घ्या', असा अर्थ निघतोय. तो आता बरोबर नाही. ह्युऑन, एक्सपी-पेन, यूजी यांच्या बऱ्याच मॉडेलसाठी डिजिमेंड प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी ड्रायव्हर लिहिले, आणि त्यातलं बरंचसं काम 'यूसी-लॉजिक' या नावाने कर्नलमध्ये गेलं आहे. जे तिथे नाही त्यासाठी ओपनटॅब्लेटड्रायव्हर आहे. तो कर्नलच्या बाहेर राहून टॅब्लेट चालवतो, आणि कुठला भाग स्क्रीनच्या कुठल्या भागाला जोडायचा हे खिडकीत माउसने ओढून ठरवता येतं. ह्युऑन आणि एक्सपी-पेन स्वतःही लिनक्सचा ड्रायव्हर देतात. ज्या घरात टॅब्लेटसाठी महिनाभर पैसे बाजूला टाकावे लागतात, तिथे 'महाग घ्या' हा सल्ला म्हणजे चित्र काढूच नका असं सांगणं.

कळव्याची आई

मुलगी नववीत आहे, तिच्यासाठीच हे वाचतेय. दुकानात विचारलं तर 'सगळ्यावर चालतं' म्हणाले. डब्यावर विंडोज आणि मॅक लिहिलंय, लिनक्स नाही. आता मी काय समजायचं? विकत घ्यायच्या आधी कळायचा काही मार्ग आहे का?

ऐरोलीचा पेंग्विन

आहे, काकू. दुकानात लॅपटॉप घेऊन जा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करता येतं, आत काही बसवावं लागत नाही. टॅब्लेट जोडा आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, 'एलएसयूएसबी' (lsusb) लिहा. जोडलेल्या यंत्रांची यादी येते. यादीत वॅकॉम असेल तर ०५६ए, ह्युऑन २५६सी, एक्सपी-पेन २८बीडी असा कंपनीचा आकडा दिसेल.

पाचपाखाडीकर

आणि त्या आकड्यावरून काकूंनी काय ओळखायचं? ह्युऑनच्या कित्येक वेगवेगळ्या मॉडेलना २५६सी:००६डी हा एकच आयडी आहे. आकडा जुळला म्हणजे हेच मॉडेल चालेल, असं त्यावरून ठरत नाही. ओपनटॅब्लेटड्रायव्हरलाही नीट चालायचं तर कर्नलमधले ड्रायव्हर आधी बंद करायला सांगतात. कंपनीचा ड्रायव्हर आणि हा, दोन्ही एकदम चालू राहिले तर कर्सर उड्या मारतो. तुम्हाला हे सहज जमतं. कळव्यात घरी बसून नववीतल्या मुलीने हे कोणाला विचारायचं?

काकू, दुकानात आकडा बघू नका, रेघ बघा. क्रिताच्या सेटिंगमध्ये टॅब्लेट टेस्टर आहे. पेन टेकवून हळूहळू दाबत न्या. दाबाचा आकडा सलग चढत गेला तर ठीक. शून्यावरून एकदम शंभरावर गेला, किंवा पेनऐवजी माउसच्या नोंदी उमटल्या, तर तो टॅब्लेट परत ठेवा, मग किंमत कितीही कमी असो.

वाशी सेक्टर १७

म्हणजे दुकानात लॅपटॉप, पेन ड्राइव्ह आणि टेस्टर घेऊन उभं राहायचं. माझा मुद्दा याहून सोपा करून कोणी सांगू शकलं नसतं.

पाचपाखाडीकर

वाशीकर, विंडोजवरही 'विंडोज इंक' ही पेनाची सोय चालू ठेवायची की बंद, या एका खुणेवरून दाब जातो आणि येतो, हे तुम्हीही बघितलं असेल. फरक इतकाच की तिथे लोक तक्रार न करता दोन तास घालवतात. आणि धंद्याचं म्हणाल, तर नववीत हाताला वळण लागायचं असतं, फोटोशॉपचे मेनू पाठ व्हायचे नसतात. रेघ, छटा, प्रमाण आलं तर सॉफ्टवेअर नंतर बदलता येतं. भाड्याच्या सॉफ्टवेअरचा दरमहाचा हप्ता शाळकरी मुलाच्या बापाने का भरावा?

ऐरोलीचा पेंग्विन

यावर मॅडमशी सहमत. पण प्रमाणाचं निघालंच आहे तर एक सांगतो, कारण याचा दोष नेहमी टॅब्लेटवर जातो. 'वन बाय वॅकॉम'च्या लहान टॅब्लेटचा काढायचा भाग १५२ बाय ९५ मिलिमीटर, म्हणजे १६:१०. लॅपटॉपची स्क्रीन बहुधा १६:९. पूर्ण टॅब्लेट पूर्ण स्क्रीनला जोडला की हाताने गोल काढलेलं वर्तुळ आडवं साधारण ११ टक्के ताणलं जातं. दुसरा मॉनिटर लावलेला असेल तर विचारूच नका, सगळा टॅब्लेट दोन स्क्रीनवर पसरतो. गनोम आणि प्लाझ्मा हे लिनक्सचे डेस्कटॉप. गनोमच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये प्रमाण राखायचं बटण आहे, प्लाझ्मातही भाग आणि स्क्रीन ठरवता येते. जुन्या व्हिडिओंमध्ये दिसणारी 'एक्ससेटवॅकॉम' कमांड वेलँडवर, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या लिनक्सच्या नव्या व्यवस्थेवर, चालत नाही. उबुंटू २५.१० या लिनक्समध्ये तर गनोम फक्त वेलँडवरच येतं. त्या कमांडच्या मागे लागू नका.

पाचपाखाडीकर

हे वर्तुळाचं मी माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी करून घेते. पण बघा, हे बटण गनोममध्ये दिसतं कधी? टॅब्लेटची माहिती लिबवॅकॉमच्या, म्हणजे लिनक्सला टॅब्लेट ओळखून देणाऱ्या प्रकल्पाच्या, यादीत असेल तेव्हाच सिस्टिम तो नीट ओळखते. नाहीतर त्याची छोटी मजकूर-फाइल आपण लिहायची. तुम्ही स्वस्त मॉडेल सुचवणारे लोक त्या फाइली लिहून मूळ प्रकल्पाकडे पाठवा. तुमच्या एका फाइलने तो टॅब्लेट पुढच्या सगळ्यांसाठी आपोआप ओळखला जाईल. मग मी स्वतः मुलांना तो घ्यायला सांगेन.

ऐरोलीचा पेंग्विन

माझ्याकडच्या मॉडेलची लिहितो. मापं डब्यावरची घेणार नाही, पट्टीने मोजून घेतो. काकू, तुम्ही बघितलेल्या टॅब्लेटचं मॉडेल कुठलं?

कळव्याची आई

डब्याचा फोटो काढलाय. मुलगी क्लासवरून आली की तिच्याकडून नाव वाचून टाकते.