यामाताई आणि कॅमिला लडिंग्टन

अभिनेत्री कॅमिला लडिंग्टन यांनी २०१३ सालच्या ‘टूम रेडर’ या व्हिडिओ गेममध्ये नायिका लारा क्रॉफ्टला ‘केवळ आवाज दिला’, आणि त्यातले यामाताई बेट निव्वळ काल्पनिक आहे, ही दोन्ही विधाने मला अपुरी वाटतात.

लडिंग्टन यांनी आवाजाबरोबरच लाराच्या हालचालींचा अभिनयही केला आणि २०१५ व २०१८ सालच्या पुढील दोन्ही भागांत ती भूमिका निभावली; त्याच सुमारास ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या अमेरिकी मालिकेतील जो विल्सन ही त्यांची भूमिकाही चालू होती. पहिल्या भागातील थकलेली, घाबरलेली, तरीही पाऊल मागे न घेणारी लारा खरी वाटते ती या देहबोलीमुळेच, असे माझे ठाम मत आहे.

बेटाविषयी म्हणायचे तर, लाराचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज जिथे फुटते ते वादळांनी वेढलेले बेट कल्पित असले, तरी तिसऱ्या शतकातील जपानमधील यामाताई हे राज्य आणि त्याची राणी हिमिको यांचा उल्लेख प्राचीन चिनी इतिहासग्रंथात आहे, आणि ते राज्य क्यूशूत होते की नाराच्या परिसरात, याविषयी जपानी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. नागपूरकरांना हे विशेष जाणवावे, कारण रामटेकजवळच्या नगरधनला, म्हणजे वाकाटक राजांच्या नंदिवर्धन या राजधानीत, राज्यकारभार पाहणाऱ्या प्रभावतीगुप्ता राणीच्या नावाची मृण्मुद्रा (मातीची मुद्रा) उत्खननात सापडली आहे. हिमिकोच्या राजधानीबाबत असा निर्णायक पुरावा नाही, आणि खेळाच्या लेखकांनी नेमकी हीच मोकळी जागा वादळांनी आणि राणीच्या अमर आत्म्याच्या कथेने भरली आहे.