मदत हवी आहे : डाव्या बाजूचा आरसा गरम होत नाही, गॅरेजवाले अख्खा आरसा बदला म्हणतात

पहाटपाळी :
माझ्या गाडीच्या बाहेरच्या आरशांना गरम होण्याची सोय आहे आणि त्यांपैकी डावा आरसा हल्ली गरम होत नाही. कामानिमित्त मला पहाटे नाशिकहून मुंबईकडे निघावे लागते. घोटी सोडल्यापासून कसारा घाट उतरेपर्यंत पावसाळ्यात धुके असते आणि त्या टप्प्यात डावा आरसा पांढरा पडला, की डावीकडच्या लेनमधला ट्रक दिसतच नाही. गॅरेजमध्ये दाखवले, तर त्यांनी आरसा न उघडताच अख्खा बदलावा लागेल असे सांगून 14,000 रुपयांचा आकडा दिला. फ्यूज मी पाहिला आहे, तो ठीक आहे. नेमके काय बिघडले असेल आणि कमी खर्चात काम होईल का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

सातपूरचा वायरमन :
साहेब, एवढ्या माहितीवर कोणीही अंदाजच सांगेल. गाडी कोणत्या सालची आहे, उजवा आरसा गरम होतो का, मागच्या काचेवरच्या तारा तापतात का आणि तपासताना इंजिन चालू होते की नुसती चावी फिरवली होती, हे आधी लिहा. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय हा हीटर सुरूच होत नाही, आणि सुरू झाला तरी 10 ते 20 मिनिटांनी टायमर तो आपोआप बंद करतो. पुष्कळ लोक बंद झालेला हीटर हाताने चाचपून बिघाड समजतात.

गंगापूररोड :
या हीटरच्या भानगडीत पडूच नका. आरशावर लावायची पारदर्शक फिल्म बाजारात मिळते, ती दोन्ही आरशांना लावून टाका. मी गेल्या पावसाळ्यापासून वापरतो आहे आणि थेंब थांबत नाहीत. 14,000 रुपये कशासाठी घालवायचे?

पहाटपाळी :
मला फिल्म नको आहे, जी सोय गाडीत आहे ती चालू करून हवी आहे. गाडी 2016 सालची आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा आहे असे मला म्हणायचे नाही. इंजिन चालू होते. उजवा आरसा व्यवस्थित गरम होतो, मागची काचही होते. डाव्या आरशाची मोटर चालते, इंडिकेटर लागतो, म्हणजे तिथपर्यंत वीज पोहोचते आहे.

इंदिरानगरची ताई :
धुक्यात समोरची काच आतून धूसर झाली, तर एसी चालू ठेवून हवेचा झोत काचेवर सोडावा आणि आतली हवा फिरवत ठेवण्याऐवजी बाहेरची घ्यावी. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, त्यामुळे काच लवकर स्वच्छ होते. बरेच जण गारठ्यामुळे एसी बंद करतात आणि मग कापडाने पुसत बसतात.

पहाटपाळी :
ताई, माहिती उपयोगी आहे, पण माझी समोरची काच ठीक आहे. प्रश्न फक्त डाव्या आरशाचा आहे.

पदार्थविज्ञान :
फिल्मच्या सल्ल्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. फिल्म नवी असताना पाणी काचेवर पसरते किंवा ओघळते, हे खरे आहे. पण धूळ बसून आणि पुसून पुसून तो गुण कमी होत जातो. हीटरचे काम वेगळे आहे. काचेचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा खाली गेले, की बाष्प तिच्यावर जमते. आरशाच्या पाठीमागे चिकटवलेला पातळ रोधक पट्टा (वीज गेली की तापणारा) काचेला त्या तापमानाच्या वर नेतो आणि जमलेला थर उडून जातो. मुसळधार पावसातले मोठे थेंब तो लगेच नाहीसे करत नाही, मात्र धुक्याच्या आणि दवाच्या थरावर दोन-चार मिनिटांत परिणाम दिसतो.

मोटर चालते म्हणून हीटरपर्यंत वीज पोहोचते, हा निष्कर्ष मात्र बरोबर नाही. मोटर, इंडिकेटर आणि हीटर यांच्या तारा बहुधा वेगवेगळ्या असतात.

गंगापूररोड :
नाशिकमध्ये वर्षातून किती दिवस धुके असते? एवढ्या थोड्या दिवसांसाठी वीज मोजायचा मीटर घेऊन दार उघडत बसणे मला पटत नाही.

निफाडकर :
शहरात नसेल, आमच्याकडे या आणि बघा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे द्राक्षबागेकडे निघालो, की गाडीच्या सगळ्या काचांवर दव साचलेले असते. निरभ्र रात्री उघड्यावरची काच आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते, त्यामुळे हिवाळ्यात आरशाचा हीटर मी रोज वापरतो.

मूळ प्रश्नाविषयी : डाव्या आरशाची काच कधी बदलली होती का? माझ्या बाबतीत काच फुटल्यावर दुकानदाराने साधी काच बसवली होती आणि हीटरच्या दोन तारा मागे नुसत्या लोंबकळत होत्या. हीटरवाल्या काचेच्या पाठीला दोन पत्र्याच्या पिना असतात, आणि बऱ्याच काचांच्या कोपऱ्यात तीन नागमोडी रेषांची खूण कोरलेली असते.

पहाटपाळी :
होय, उन्हाळ्यात रविवार कारंजाजवळच्या गल्लीत टेम्पो घासून गेल्यावर ती काच बदलली होती. मात्र नव्या काचेवर ती नागमोडी खूण आहे, आणि बदलल्यानंतर काही आठवडे आरसा नीट गरम होत होता. त्यामुळे काचेचा संबंध असेल असे मला वाटत नाही.

सातपूरचा वायरमन :
ही गोष्ट महत्त्वाची आहे. उजवा आरसा आणि मागची काच चालते, म्हणजे स्विच आणि रिले (स्विचच्या इशाऱ्यावर वीज जोडणारा भाग) यांचा विचार सध्या बाजूला ठेवू. फ्यूज दोन्ही आरशांना मिळून एकच असेल, तर तोही निर्दोष ठरतो. आता काच काढावीच लागेल. मोटरने काचेची आतली, म्हणजे दाराकडची कड पूर्ण आत झुकवा; बाहेरची कड वर येईल. तिच्यामागे कापड गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी घालून हळूहळू ओढा. गारठ्यात प्लॅस्टिकचे लॉक कडक होऊन तुटतात, म्हणून दुपारी उन्हात काम करा आणि हातमोजे घाला. तारा ओढू नका, पिना धरून सोडवा. मग हीटरच्या दोन पिनांमध्ये मीटरने रोध मोजा. 5 ते 10 ओहमच्या आसपास आला, तर पट्टा शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल, तर पट्टा तुटला आहे आणि नुसती काच घेऊन भागेल. त्यानंतर इंजिन व हीटर चालू करून तारांवर व्होल्टेज पाहा.

पहाटपाळी :
मोजले. रोध 7.2 ओहम आहे आणि तारांवर 13.8 व्होल्ट मिळतात. म्हणजे काच ठीक, वीज ठीक, पिना घट्ट बसतात, तरीही आरसा थंडच राहतो. आता काय करायचे?

गंगापूररोड :
म्हणजे काच हलक्या दर्जाची आहे. मी सुरुवातीपासून सांगतो आहे.

पदार्थविज्ञान :
काचेला दोष देण्याआधी हिशेब पाहा. 13.8 व्होल्टवर 7.2 ओहमचा पट्टा सुमारे 1.9 अँपिअर प्रवाह घेईल आणि 26 वॉटच्या आसपास उष्णता देईल. आरशाला तेवढी भरपूर होते, म्हणून पट्टा निर्दोष दिसतो. खरी गोम मोजण्याच्या पद्धतीत आहे. मीटर स्वतः जवळपास प्रवाह घेतच नाही. वाटेत तार गंजून एखाद्या धाग्यावर टिकून राहिली असेल, तरी तिच्यातून मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसते; प्रत्यक्ष 1.9 अँपिअर मागितले, की तेच व्होल्टेज त्या गंजलेल्या जागी खर्च होऊन जाते. म्हणून हीटर जोडलेला ठेवून, पिनांच्या मागच्या बाजूने मीटरची टोके लावून मोजा.

सातपूरचा वायरमन :
अगदी बरोबर. आम्ही त्यासाठी टेस्ट लॅम्प म्हणून इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब लावतो. बल्ब लाल मिणमिणला, की तार गेलेली आहे. मोजताना एक टोक गाडीच्या बॉडीला लावूनही पाहा, म्हणजे बिघाड वीज येण्याच्या तारेत आहे की अर्थच्या (वीज बॉडीकडे परत नेणाऱ्या) तारेत, ते कळेल. आणि मोजत असताना दार सावकाश उघडबंद करा.

पहाटपाळी :
हीटर जोडून मोजल्यावर फक्त 1.6 व्होल्ट आले. बॉडीला टोक लावून पाहिले, तर वीज येणाऱ्या तारेवर साडेतेराच्या वर आहेत, म्हणजे बिघाड अर्थच्या तारेत आहे. दार अर्धे उघडले की आकडा एकदम 11 वर जातो आणि बंद करताना पुन्हा पडतो.

सातपूरचा वायरमन :
मग बिजागरीजवळची, घड्या असलेली रबरी नळी सोडवा. दार उघडताना तारा तिथेच वाकतात.

पहाटपाळी :
सापडले. नळी खांबाच्या, म्हणजे दार ज्याला बसवलेले असते त्या बॉडीच्या बाजूने सोडवून तारांचा जुडगा बाहेर घेतला, तर तपकिरी तारेचे आवरण आडवे चिरलेले होते आणि आतले तांबे हिरवे पडून भुगा झाले होते. बोटाने हलवल्याबरोबर तार तुटून हातात आली. आता ती तार सोल्डर करू का?

निफाडकर :
सोल्डरच करा, पक्के काम होते. माझ्या ट्रॅक्टरचे सगळे सांधे सोल्डरचेच आहेत.

सातपूरचा वायरमन :
भाऊ, वाकणाऱ्या जागी सोल्डर चालत नाही. सोल्डर तारेच्या धाग्यांत शिरून ती कडक करते आणि ती कडक बाजू जिथे संपते तिथेच तार पुन्हा तुटते. खराब भाग कापून त्याच जाडीच्या, बारीक धाग्यांच्या लवचीक तारेचा तुकडा घाला आणि दोन्ही सांधे नळीच्या बाहेर घ्या : एक खांबाच्या आत, एक दाराच्या आत. सांधा क्रिम्प करून (धातूच्या छोट्या नळीत टोके घालून ती दाबून) त्यावर गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी चढवा. जागा वाकत नसेल तर सोल्डरला माझी हरकत नाही.

पहाटपाळी :
तुम्ही सांगितल्याप्रमाणे काम करून घेतले. हीटर जोडलेला असताना आता 13.5 व्होल्ट मिळतात आणि पाणी फवारून पाहिले तर डावा आरसा उजव्याच्या बरोबरीने स्वच्छ होतो. गॅरेजच्या सल्ल्याने अख्खा आरसा बदलला असता, तरी हा बिघाड तसाच राहिला असता, याचा मला खरोखर राग येतो.

निफाडकर :
एक शंका राहते. चालकाचे दार जास्त वेळा उघडते. मग आधी डावीकडची तार कशी गेली?

पहाटपाळी :
तुमच्या प्रश्नामुळे उजवी नळीही सोडवून पाहिली. गाडी मी जुनी घेतलेली आहे. तिथे आधीच कोणीतरी दोन तारा पिळून काळी टेप गुंडाळलेली आहे आणि टेपचा गोंद सुटून चिकट झाला आहे.

सातपूरचा वायरमन :
तो सांधा पाऊस सुरू होण्याआधी काढून टाका आणि डावीकडच्यासारखाच करून घ्या. त्याच नळीतून दाराच्या लॉकच्या आणि काच वरखाली करणाऱ्या मोटरच्या तारा जातात, म्हणून जुडगा बाहेर असेपर्यंत प्रत्येक तार वाकवून आवरणाला भेग आहे का ते बघून घ्या.