मदत हवी आहे: चाळीतल्या गेलेल्या माणसांच्या आठवणी लिहून ठेवायच्यात

नमस्कार मंडळी, आमची लालबागची जुनी चाळ, बहुतेक घरं गिरणी कामगारांची. गेल्या काही वर्षांत ती पिढी भराभर चाललीये आणि प्रत्येक वेळी ग्रुपवर फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, बास, त्यापुढे त्या माणसाबद्दल कुणी काही लिहीतच नाही. खूप वाईट वाटतं. कोण गिरणीच्या साचा खात्यात (म्हणजे विणकामाच्या मागांवर) होतं, कोणी १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाल्यावर गावी कोकणात जाऊन शेती केली, कोणी भाजी विकली, हे सगळं घरच्यांनाच माहीत आणि आता रिडेव्हलपमेंटमुळे घरचेही डोंबिवली विरारला पांगलेत. बायकांचं तर अजूनच राहून जातं, ज्यांनी खानावळ चालवून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घातलं त्यांची ओळख नुसती अमक्याची आई!

सर्वपित्री अमावास्येपर्यंत छोटी पुस्तिका करायचा विचार आहे, प्रत्येकाला एक पान. कुणी असं केलंय का? नुकतंच माणूस गेलेल्या घरी विचारायला कधी जावं, तेराव्यानंतर लगेच की थोडं थांबून? बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून नंतर उतरवून काढणं बरं पडतं का? फ्रेमला चिकटलेले जुने फोटो न फाटता स्कॅन कसे करायचे? आणि संपातली कर्जं, दारू, भांडणं, हे घरच्यांना विचारूनच लिहावं असं मला वाटतं, पण ते नको म्हणाले तर किती गाळायचं? प्लीज अनुभव सांगा.