एस्कलांते हवा म्हणणाऱ्यांनो, आधी त्याची आठ वर्षं मोजा

गणिताच्या बाई, जळगाव
काल पिंप्राळेकरांनी 'स्टँड अँड डिलिव्हर' हा अमेरिकेतल्या एस्कलांते नावाच्या गणिताच्या मास्तरावरचा सिनेमा पाहून इथे लिहिलं: "एका मास्तरनं गरीब वस्तीतल्या पोरांना कॅल्क्युलससारखं अवघड गणित शिकवून दाखवलं. आपल्या मनपा शाळांत असा एक तरी आहे का? सगळे पगारापुरते." रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय. एकोणीस वर्षं मी अशाच शाळेत गणित शिकवतेय.

सिनेमा मलाही आवडतो. पण त्यात जे वर्ष-दोन वर्षांत झाल्यासारखं वाटतं, त्याला खऱ्या एस्कलांतेला आठ वर्षं लागली. तो लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड शाळेत आला १९७४ ला. कॅल्क्युलसचा पहिला वर्ग १९७८ ला. त्या विषयाच्या कॉलेज पातळीच्या परीक्षेला बसली पाच पोरं, पास झाली दोन. पुढच्या वर्षी नऊपैकी सात. मग १९८२ ची ती अठरा पोरं, ज्यांच्यावर सिनेमा निघाला. सोबतीला बेन हिमेनेझ नावाचा दुसरा मास्तर होता, पाठीशी मुख्याध्यापक ग्राडियास उभे होते. आम्हाला पाचातले दोन पास करायची मुभा कोण देतं? पहिल्याच वर्षी नोटीस येते.

पिंप्राळेकर
बाई, त्याला आठ लागली, तुमची एकोणीस झाली. त्याच्या वर्गात पन्नासच्या वर पोरं बसायची, शिक्षकांची संघटना पस्तिसाच्या मर्यादेवर अडून बसली तरी तो शिकवत राहिला.

माझं ऐका. बायको एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात जाते, मी डाळ मिलवर. पोरगा मनपा शाळेत पाचवीला होता तेव्हा एका रात्री त्याची वही उघडली. ३/४ + १/४ = ४/८. त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण, खाली सही. पान उलटलं, पुन्हा तेच. वर्षभर कुणी वाचलंच नव्हतं. खूण नसती तर निदान मी तरी विचारलं असतं.

गणिताच्या बाई, जळगाव
ती खूण चूकच. तिची बाजू मी घेणार नाही. पण तुम्ही मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरणारी शिक्षिका पाहिलीय का? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीच्या कामाला शिक्षकांना जुंपायची मुभा ठेवलीय, नाही कसं म्हणणार? संध्याकाळी ऑनलाइन माहिती भरायची. वह्यांचा गठ्ठा रात्री अकराला समोर येतो.

निवृत्त मास्तर, अमळनेर
आमच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० होते. वसतिगृहातल्या मुलांची आजारपणं काढली, त्यांच्यासाठी 'विद्यार्थी' मासिक चालवलं. कामाचं गाऱ्हाणं केलं नाही.

गणिताच्या बाई, जळगाव
सर, गुरुजींना नमस्कारच. पण ते एकटे, संसार नाही. माझ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. दर वेळी गुरुजींचं नाव काढून आमचं तोंड बंद करू नका.

यावलची लेक
अहो, सिनेमाचा गाभा दुसराच आहे. प्रत्यक्षात अठरापैकी चौदांवर कॉपीचा संशय घेतला. बारा जणांनी पुन्हा परीक्षा दिली, बाराही पास. संशय का आला? कारण सांगितलं उत्तरांतल्या सारख्या चुकांचं. पण मला विचाराल तर, त्या वस्तीतल्या पोरांना एवढे मार्क पडतीलच कसे, म्हणून!

मला दहावीला गणितात ९४. वडील केळी भरायला जायचे. शहरातल्या एका कॉलेजात प्रवेशाला गेलो, तर खिडकीतल्या बाईंनी गुणपत्रिका उजेडात धरली आणि म्हणाल्या, "त्या केंद्रावर काय, सगळेच पास होतात." वडिलांनी टोपी काढून हातात घेतली, जसा काही त्यांचाच गुन्हा.

धुळ्याचा भो
ताई, तुन्हं खरं शे. पन कॉपी कोन पुरवतस? मायबापच ना! पेपर सुरू व्हताच खिडकीखाले उभा ऱ्हातस. मंग बाहेरचे संशय घेतीनच.

यावलची लेक
माझे वडील त्या दिवशी शेतात होते. खिडकीखाली कोण होतं ते मला माहीत नाही. दोष त्यांचा, शिक्षा माझ्या गुणपत्रिकेला?

निवृत्त मास्तर, अमळनेर
मी पर्यवेक्षक असताना एका पोराचा पेपर काढून घेतला. त्याच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली होती. ती मागच्या बाकावरून सरकली होती, हे मला नंतर कळलं. त्याचं वर्ष गेलं.

यावलची लेक
आणि तुम्ही इथे गुरुजींचे दाखले देताय!

निवृत्त मास्तर, अमळनेर
बोल, मुली. माझ्याकडे उत्तर नाही.

पिंप्राळेकर
माझा प्रश्न राहिला बाजूला. पोरगा आता सातवीत आहे, अपूर्णांक आले की वही मिटतो.

गणिताच्या बाई, जळगाव
रविवारी दहाला घेऊन या. पाचवीची ती वही पण आणा. पैसे घेणार नाही. पण "सगळे पगारापुरते" हे वाक्य मागे घ्या.

पिंप्राळेकर
वाक्य मागे घेत नाही. त्यातून तुम्हाला वगळतो. दहाला येतो.