आठवड्याभरात पिअर रिव्ह्यू (त्याच विषयातील तज्ज्ञांकडून समीक्षा) करून देणाऱ्या नियतकालिकाकडे शोधनिबंध पाठवावा का?

प्रश्न – निवासी डॉक्टर, नागपूर

मी नागपुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या रुग्णालयातील जुन्या नोंदींवर माझा प्रबंध आधारलेला असून त्याला संस्थेच्या एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) रीतसर मंजुरी आहे. आता त्यातून शोधनिबंध तयार झाला आहे. शुल्क भरल्यास ‘आठवड्याभरात पिअर रिव्ह्यू आणि प्रकाशन’ असे आश्वासन देणाऱ्या एका नियतकालिकाचा ईमेल आला आहे. त्यात ‘यूजीसी-मान्यताप्राप्त’ (म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेले) असेही लिहिले आहे. शिवाय, ज्यांनी आकडेवारी किंवा मसुदा पाहिलेला नाही अशा एका वरिष्ठांचे नाव लेखकांमध्ये घालावे असे मला सुचवण्यात आले आहे. तिसरी शंका छायाचित्राची. हात-पाय सुजलेल्या एका मुलाचे छायाचित्र डोळ्यांवर काळी पट्टी लावून वापरले तर चालेल का? कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – निवृत्त प्राध्यापक, पॅथॉलॉजी

समीक्षक हा बहुधा विनामोबदला काम करणारा, स्वतःची ओपीडी आणि तासिका सांभाळून निबंध वाचणारा माणूस असतो. असे दोघे मिळवायचे, त्यांच्या शंका लेखकाकडे पाठवायच्या, सुधारित मसुदा पुन्हा तपासायचा आणि मग संपादकाने निर्णय घ्यायचा, हे सगळे आठवड्यात उरकते असे कोणी आधीच सांगत असेल, तर तेथे समीक्षा होत नाही असेच मी धरून चालतो. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या वतीने एका पत्रकाराने ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट निबंध ३०४ मुक्त-प्रवेश (कोणालाही विनामूल्य वाचता येणाऱ्या) नियतकालिकांकडे पाठवला होता. त्यांपैकी १५७ जणांनी तो स्वीकारला.

मात्र नामांकित ठिकाणी छापून आले म्हणजे खरे, असाही समज नको. कोविडच्या उपचारात वापरलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरील ‘लॅन्सेट’मधील निबंध २२ मे २०२० रोजी प्रसिद्ध झाला आणि ४ जून रोजी मागे घ्यावा लागला. त्यात ६७१ रुग्णालयांतील सुमारे ९६ हजार रुग्णांची माहिती असल्याचा दावा होता. परंतु ती मूळ माहिती स्वतंत्र तपासणीसाठी खुली करण्यास ती पुरवणाऱ्या कंपनीने नकार दिला. समीक्षकापुढे मसुदा असतो, रुग्णालयाचे रजिस्टर नसते. पद्धतीतली चूक त्याला दिसते, नोंदीतला खोटेपणा सहसा दिसत नाही. तो भार लेखकावर आणि त्याच्या गाईडवरच राहतो. २०२३ मध्ये तर हिंदावी या प्रकाशनाने आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले, आणि त्यांतील अनेकांच्या बाबतीत पिअर रिव्ह्यूच संगनमताने झाल्याचे आढळले होते. कुंपणानेच शेत खाल्ले!

‘यूजीसी-मान्यताप्राप्त’ या शिक्क्याचे म्हणाल, तर यूजीसीने मान्य नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. त्याऐवजी नियतकालिक मेडलाइन, स्कोपस किंवा डीओएजे या नियतकालिकांच्या सूचींमध्ये आहे का ते त्या-त्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे, कारण नियतकालिकाच्या मुखपृष्ठावरील दावा हा पुरावा नव्हे. संपादक मंडळातील दोन-तीन नावे निवडून, त्या व्यक्तींनी आपल्या संस्थेच्या पानावर या पदाचा उल्लेख केला आहे का, हेही पडताळावे. पुष्कळदा त्या बिचाऱ्यांना आपण संपादक असल्याचा पत्ताच नसतो.

उत्तर २ – एथिक्स कमिटी सदस्य

लेखकत्वाबाबत आयसीएमजेई या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत: संशोधनाची आखणी, माहितीसंकलन किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुद्याचे लेखन किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा, अंतिम मसुद्यास मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चौथा निकष २०१३ मध्ये जोडला गेला. चारही पूर्ण व्हावे लागतात. विभागप्रमुख असणे किंवा खाटा उपलब्ध करून देणे एवढ्याने लेखकत्व मिळत नाही, अशांचा ऋणनिर्देश करतात. चौथा निकष वरिष्ठांना नम्रपणे वाचून दाखवावा. उद्या एखाद्या आकड्यावर आक्षेप आला तर उत्तर आपल्यालाही द्यावे लागेल, हे कळल्यावर काहीजण स्वतःहून ऋणनिर्देशावर समाधान मानतात.

छायाचित्राबाबत माझे मत अधिक ठाम आहे. जुन्या नोंदींच्या अभ्यासात संमतीची अट शिथिल करण्याचा अधिकार आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी एथिक्स कमिटीला दिला आहे, परंतु ती सूट चेहरा छापण्याची परवानगी ठरत नाही. डोळ्यांवरची पट्टी ओळख लपवण्यास पुरेशी नाही, असे आयसीएमजेईने स्पष्ट म्हटले आहे. पालकांची लेखी संमती प्रकाशनासाठी वेगळी घ्यावी, आणि मूल समजण्याच्या वयाचे असेल तर त्यालाही विचारावे. सूज दाखवायची असेल तर फक्त हात-पाय दाखवून भागते, चेहऱ्याची गरजच काय?

याहून नाजूक बाब मजकुराची आहे. आपल्याकडे सिकलसेल काही समाजांत अधिक आढळतो. तालुका, लहान गाव, समाज, वय आणि भावंडांची संख्या एका परिच्छेदात आली, तर गावातला कोणीही ते घर ओळखेल, आणि पुढे मुलीच्या सोयरिकीच्या वेळी ते तिच्या आड येईल. ‘पूर्व विदर्भ’ एवढ्यावर शास्त्राचे काही अडत नाही.

प्रतिसाद – निवासी डॉक्टर (प्रश्नकर्ता)

आपणां दोघांचे आभार. छायाचित्र काढून टाकतो आणि त्या ईमेलला उत्तर देत नाही. वरिष्ठांशी मात्र मी एकट्याने बोलणे कठीण आहे, कारण माझ्या लॉगबुकवर (प्रशिक्षणातील कामाच्या नोंदवहीवर) त्यांची सही लागते. आणखी एक शंका आहे: प्रबंध नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे सादर झाला आहे, मग त्यावरचा निबंध दुबार प्रकाशन ठरेल का?

उत्तर ३ – निवृत्त प्राध्यापक, पॅथॉलॉजी

सामान्यतः ठरत नाही. संपादकांना पाठवायच्या पत्रात प्रबंधाचा उल्लेख मात्र करावा. एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवा आणि त्यांचा नकार लेखी येईपर्यंत दुसरीकडे वळू नका. वरिष्ठांशी आपल्या गाईडनीच बोलावे, तो विद्यार्थ्याचा विषय नाही. आपण आज कोणी काय काम केले याचा तक्ता करून गाईडकडे द्या. बहुतेक चांगली नियतकालिके सादरीकरणाच्या वेळी तो मागतातच.