वॉशिंग्टन कमांडर्स २०२४: तुमचा भरवसा पुन्हा कधी बसला?

२६ जानेवारी २०२५ ला फिलाडेल्फियात ईगल्सकडून ५५-२३ असा सडकून मार खाऊन आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगाम संपला. गंमत म्हणजे आमच्याकडे कुणी रिमोट आपटला नाही. उलट चहा झाला, आणि 'काय वर्ष होतं ना' असं म्हणत आम्ही तासभर बसून राहिलो. म्हणून हा धागा.

गेल्या वर्षी ४ विजय आणि १३ पराभव. यंदा १२ विजय, ५ पराभव, आणि पार एनएफसीच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या (सुपर बोलच्या) एक पायरी आधीपर्यंत मजल. तिथे हा संघ १९९१ च्या हंगामानंतर पोचलाच नव्हता. मालक २०२३ मध्ये बदलले, मग नवा जनरल मॅनेजर ॲडम पीटर्स, नवा कोच डॅन क्विन, नवा क्वार्टरबॅक (आक्रमणात पास टाकणारा) जेडेन डॅनियल्स. विश्लेषणं वाचून झाली आहेत. मला तुमची गोष्ट हवी आहे: कुठे होतात, काय करत होतात, आणि 'यंदा काहीतरी निराळं आहे' असं कधी वाटलं? पाल्हाळ लावलंत तरी चालेल.

माझं सांगते. १५ सप्टेंबर, मंडळाचा गणपती, मी प्रसादाच्या टेबलावर. तिकडे जायंट्सविरुद्ध आपण सात फील्ड गोल (लाथेने, तीन-तीन गुणांचे) मारून २१-१८ ने जिंकलो, टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार, सहा गुण) एकही नाही. नवरा म्हणाला, 'चौकार न मारता सामना काढला.' मी म्हटलं, असली जिंकणी खूप पाहिली. पण पुढच्या सोमवारी रात्री सिनसिनाटीत दोन्ही संघांना एकदाही पंट करावं (लाथ मारून चेंडू समोरच्याला द्यावा) लागलं नाही, आणि डॅनियल्सचे २३ पैकी २१ पास पोचले. शेवटी अंगावर माणूस येत असताना त्याने आपल्या मॅक्लॉरिनला २७ यार्डांचा टचडाउन पास टाकला. ३८-३३. मुलांना दुसऱ्या दिवशी शाळा होती. झोपा म्हणायचं विसरले.
(हर्न्डन, व्हर्जिनिया)

*

आमचं घर ॲशबर्नला, म्हणजे संघाचं सरावाचं मैदान गावातच. इतकी वर्षं त्या रस्त्यावरून जाताना मुलं खिडकीबाहेर बघायचीसुद्धा नाहीत. नोव्हेंबरपर्यंत भारतीय किराणा दुकानात मेथीच्या जुड्या निवडणाऱ्या निम्म्या बाप्यांच्या अंगावर डॅनियल्सची ५ नंबरची जर्सी.

आणखी एक. संघाचे रंग डाळिंबी आणि सोनेरी. १८ जानेवारीला, शनिवारी, माझ्याकडे हळदीकुंकू होतं आणि रात्री आठला डेट्रॉइटशी सामना. मी डाळिंबी पैठणी नेसले, काठ अर्थात सोनेरी. सासूबाईंना वाटलं, संक्रांतीचं काळं सोडून हिला हे काय सुचलं! तिळगूळ देतादेता चौथ्या मैत्रिणीने ओळखलं.

*

मी डॅलस काउबॉइजवाला, प्लेनोला राहतो. शत्रूच्या धाग्यावर येतोय, पण क्विनबद्दल बोलायचा हक्क आमचाही आहे. २०२१ ते २०२३ तो आमचा बचावाचा कोच होता. त्याचा आमच्याकडचा शेवटचा सामना म्हणजे जानेवारी २०२४, घरच्या मैदानावर ग्रीन बेने आम्हाला ४८ गुण ठोकले. त्याच्या आधी अटलांटाचा कोच असताना सुपर बोलमध्ये २८-३ अशी आघाडी घेऊन पॅट्रियट्सकडून हरलेला. वॉशिंग्टनने याला नेमलं तेव्हा मी ऑफिसातल्या तिकडच्या मित्राला हसण्याच्या दहा इमोजी पाठवल्या.

नोव्हेंबरात तुमच्या घरी आम्ही ३४-२६ ने जिंकलो, तोवर मी खूश होतो. (२१ सेकंद उरले असताना मॅक्लॉरिनने ८६ यार्डांचं टचडाउन केलं आणि बरोबरीचा एक गुण तुमच्या किकरने चुकवला. आहाहा.) पण त्या वर्षी आमचे ७ विजय आणि तुमचे १२. इमोजी परत आल्या. दहाच्या वीस होऊन.

*

शिकागोच्या सामन्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही? मग मीच लिहितो.

२७ ऑक्टोबर, दिवाळीच्या आधीचा रविवार. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. स्वयंपाकघर आणि टीव्ही एकाच मोठ्या खोलीत, त्यामुळे तिचा एक डोळा कढईवर आणि एक पडद्यावर. तिला खेळातलं 'चार संधींत दहा यार्ड' एवढंच कळलं होतं, आणि तेवढं पुरतं. आदल्या आठवड्यात डॅनियल्सच्या बरगडीला लागलेलं, तो खेळणार की नाही हे नक्की नव्हतं. 'बरगडीला लागलंय तर त्या पोराला खेळवतात कशाला? आई नाही का त्याला?' हे तीन तास चाललं. समोर शिकागोचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स, ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) पहिला, शिवाय इथल्याच शाळेत शिकलेला. आपला दुसरा. म्हणजे सगळं गाव कोण भारी ते बघायला बसलेलं.

आपण १२-० असे पुढे, तेही नुसत्या फील्ड गोलांवर. मग त्यांनी एक टचडाउन केलं. शेवटची २५ सेकंद राहिली असताना दुसरं, वर दोन गुण. १५-१२. मी उठलो. वीस वर्षांची सवय, असे सामने कसे संपतात ते पाठ आहे. गॅरेजमध्ये कचऱ्याचा डबा बाहेर काढायला गेलो.

आतून आईची किंकाळी. मला वाटलं तेल उडालं. धावत आलो तर ती झारा हातात धरून टीव्हीसमोर, आणि पडद्यावर माणसांचा ढीग. मग दहा वेळा रिप्ले पाहिला. डॅनियल्स इकडून तिकडे पळत वेळ काढतो, घड्याळ शून्यावर येतं, जीव खाऊन चेंडू फेकतो. शिकागोचा एक बचावपटू खेळ सुरू झाला तरी प्रेक्षकांकडे वळून त्यांना चिडवतोय, मग धावत येतो, गर्दीत उडी मारतो, आणि चेंडू त्याच घोळक्यातून उडून मागे एकट्या उभ्या असलेल्या आपल्या नोआ ब्राउनच्या हातात. ५२ यार्ड. १८-१५. माझ्या आईने तो पास थेट पाहिला. मी कचरा टाकत होतो.

चकल्यांचा तो घाणा काळा झाला.
(गेथर्सबर्ग, मेरिलंड)

*

भावांनो, सगळं श्रेय कोचला द्यायच्या आधी जरा थांबा. डॅनियल्स नसता तर हाच क्विन पाच सामने जिंकून घरी बसला असता. मी कोल्हापूरचा, तालीम बघत वाढलोय. वस्ताद लई भारी असतो, पण कुस्ती पैलवान मारतो.

*

वरच्या पैलवान दादांना: निम्मं मान्य. पण एक आकडा बघा. नियमित हंगामात आपण चौथ्या डाउनवर (चारातल्या शेवटच्या संधीला) २३ वेळा जोखीम घेतली आणि २० वेळा जमली. चेंडू लाथ मारून समोरच्याला देऊन टाकायचा की नवख्या पोरावर विसंबायचं, हे बाहेर उभा असलेला माणूस ठरवतो. आधीच्या काळात चौथा डाउन आला की मी फ्रिजकडे जायचे. यंदा जागची हलले नाही.

*

नोव्हाय, मिशिगन. आम्ही डेट्रॉइट लायन्सवाले. आमच्या १५-२ च्या हंगामावर तुम्ही पाणी ओतलंत, त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तरी एक आठवण करून देतो. जानेवारी २०२४ मध्ये तुम्हाला आमचा आक्रमणाचा कोच बेन जॉन्सन मुख्य कोच म्हणून हवा होता. तुमच्या लोकांचं विमान डेट्रॉइटच्या वाटेवर असतानाच त्याने नकार कळवला, अशी बातमी होती. आम्ही किती हसलो! वर्षाने त्याच जॉन्सनच्या आक्रमणाने आमच्या मैदानावर पाच वेळा चेंडू गमावला. त्यातला एक तर त्याने आखलेल्या फसव्या डावात, रिसीव्हरने टाकलेल्या पासवर. ४५-३१. मग जानेवारी २०२५ मध्येच तो शिकागोचा कोच झाला. क्विन तुम्हाला दुसऱ्या पसंतीचा मिळाला. आमच्याकडे याला 'नशीब काढलं' म्हणतात.

*

मी पुण्यात, कोथरूडला. १९९० ते ९४ मेरिलंडमधल्या कॉलेज पार्कला शिकत होतो. २६ जानेवारी १९९२ ला कोच जो गिब्सच्या आपल्या संघाने बफेलोला ३७-२४ ने हरवून तिसरा सुपर बोल जिंकला, तेव्हा होस्टेलच्या लाउंजमध्ये उभं राहून पाहिलं. तेव्हा वाटलं होतं, हे दर चार वर्षांनी होतच असतं. ३३ वर्षांनी, तीच तारीख, आणि ५५-२३.

इथे प्लेऑफचे (बाद फेरीचे) पहिले दोन सामने सकाळी साडेसहाला. टॅम्पाच्या सामन्याला सोमवार होता. शेवटची किक खांबाला आपटून आत गेली, २३-२०, आणि मी बाल्कनीतून ओरडलो. खालून वॉचमन विचारतो, 'साहेब, काय झालं?' त्याला काय सांगणार! २००५ च्या हंगामानंतरचा पहिला प्लेऑफ विजय, तेव्हाही टॅम्पाच. म्हटलं, 'मॅच जिंकलो.' तो म्हणाला, 'आज कुठली मॅच?'

*

थोडं कडू. माझ्याकडे संघाच्या जुन्या 'रेडस्किन्स' नावाची जर्सी आहे, २००८ ची. २०२० मध्ये ते नाव गेलं ते बरंच झालं, शिवीच होती ती. पण त्यानंतर दोन वर्षं 'फुटबॉल टीम', मग 'कमांडर्स'. हे नाव माझ्या तोंडात बसेना. सामना बघताना नुसतं 'आपले' म्हणायचो. डिसेंबरात ईगल्सवर ३६-३३, डॅनियल्सचे पाच टचडाउन पास, शेवटचा क्राउडरला, सहा सेकंद उरले असताना. त्या रात्री भावाला फोन केला आणि तोंडातून आपोआप 'कमांडर्स' निघालं. नवी जर्सी अजून घेतलेली नाही. बघू.

*

गेथर्सबर्गच्या दादांना एक प्रश्न. त्या काळ्या चकल्यांचं काय केलंत?

*

खाल्ल्या. आईने टाकू दिल्या नाहीत. आणि पुढच्या रविवारी जायंट्सच्या सामन्याच्या वेळी तिने परत कढई चढवली. जिंकलो, २७-२२. मग पिट्सबर्गच्या वेळी भाजणी संपली होती, आणि एका गुणाने हरलो. तिचं म्हणणं, याचा क्विनशी काही संबंध नाही.