पीक गेलेल्या, मयत झालेल्या घरी प्रार्थना कशी घ्यावी?

तापीकाठ_शहादा
सर्वांना प्रभूमध्ये नमस्कार. आमच्याकडे दर बुधवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थना असते, पंधरा-वीस माणसं जमतात. यंदा कपाशी हातची गेली, सोसायटीचं कर्ज तसंच आहे, त्यात दोन घरांत मयत झाली. अशा घरी बसलो की गीतं होतात, साक्षी होतात, "देव सगळं चांगलं करील" म्हणून आमेन होतं. घरची माणसं मात्र गप्पच राहतात आणि पुढच्या बुधवारी येत नाहीत. वचन कोणतं घ्यावं, किती वेळ बसावं, काय बोलू नये, नेमकं सांगा. दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यांच्यासाठीही विचारतोय.

आबा_अमळनेर
भाऊ, तुम्ही स्तुतीपासून सुरू करता आणि दुःखी माणूस तिथेच मागे राहतो. बायबलातल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश गाऱ्हाण्याची आहेत. देवाच्या लोकांनी ती शेकडो वर्षं उपासनेत म्हटली. मग आपल्या बैठकीत गाऱ्हाण्याला जागा का नसावी?

स्तोत्र १३ घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा "कोठवर" विचारतो. तिसरी-चौथी मागण्याची आहे: माझ्याकडे बघ, उत्तर दे, डोळ्यांत उजेड आण. पाचवी-सहावी भरवशाची. बैठकही याच क्रमाने न्या.

पहिल्या दोन ओव्या सावकाश दोनदा वाचा आणि थांबा. ज्याला वाटेल त्याने आपलं गाऱ्हाणं देवाला सांगावं, अहिराणीत, मावचीत, जसं घरी बोलतात तसं. "देवा, कितला दिन?" एवढंही पुरतं. याला दहा मिनिटं द्या. बिघडतं ते इथेच. शांतता पसरते, चालवणाऱ्याला अवघड होतं आणि तो गीत सुरू करतो. तसं करू नका. मनात पन्नासपर्यंत आकडे मोजा, बहुतेक वेळा तेवढ्यात कोणीतरी तोंड उघडतं.

मग मागणं. "या घराला आशीर्वाद दे" हे मोघम झालं. "शुक्रवारी सोसायटीत बोलताना यांना धीर दे, मुलीच्या फीची सोय कर" असं मागा. पुढच्या आठवड्यात विचारायलाही काहीतरी हाती राहतं. शेवटच्या दोन ओव्या घरच्यांकडून वदवून घेऊ नका. त्यांना जमत नसेल तेव्हा मंडळीने, म्हणजे जमलेल्या विश्वासी लोकांनी, त्यांच्या वतीने म्हणायच्या, मंडळी असते ती यासाठीच. शेवटी एकच गीत, संथ चालीचं, ढोलकीशिवाय. सगळं मिळून ४० मिनिटांच्या वर नको.

मयत ताजी असेल तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीकडे वळतच नाही. त्याला लगेच "परमेश्वर माझा मेंढपाळ" हे २३ वं जोडू नका, तो घाव तेवढ्या दिवशी उघडा राहू द्या.

केळीबाग_रावेर
पीक गेलेल्या घरासाठी हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३:१७-१९ (अध्याय ३, ओव्या १७ ते १९). आबांच्या क्रमात हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घ्यावं, पहिल्याच दिवशी नको.

सतराव्या ओवीत सहा नुकसानी एकेक करून मोजल्यात: अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एकही नुकसान लहान करून सांगितलेलं नाही. त्यानंतर "तरी" येतो. सोळाव्या ओवीत तोच संदेष्टा थरथर कापतोय, ओठ हलताहेत, हाडांत जोर नाही. म्हणजे कापणारा माणूसही विश्वासात उभा राहू शकतो. ती ओवी गाळू नका, गाळली की वाचन भाषण होतं.

करायचं असं. घरातल्या कोणालातरी कोरा कागद द्या. हबक्कूकच्या साच्यात त्यांनी स्वतःचं लिहावं: कपाशीची बोंडं अळीने पोखरली, केळीचे घड वादळात आडवे झाले, विहिरीला पाणी नाही, बैल विकला. आकड्यासह लिहिलं तर आणखी चांगलं, किती एकर, किती कर्ज. मग तेच मोठ्याने वाचावं. "तरी मी परमेश्वरात आनंद करीन" हे सगळ्यांनी मिळून म्हणावं, आणि ज्याच्या तोंडून निघत नाही त्याने गप्प राहिलं तरी चालेल, हे आधीच सांगून ठेवावं. तो कागद पवित्र शास्त्रात ठेवा, खुंटीला लावू नका. घरची लाज चव्हाट्यावर आली की माणूस परत येत नाही.

धुळे_ताई
बैठकीबाहेरचं मी लिहिते, कारण बळ येतं त्यातलं बरंच बुधवारखेरीजच्या दिवसांत.

भेटीला दोघांनीच जायचं. घरी बाई एकटी असेल तर एक तरी भगिनी हवीच. २० मिनिटं, चहा नको म्हणून उंबऱ्यातच सांगायचं, नाहीतर दूध-साखरेचा भार त्यांच्यावर. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस नि सात रात्री काही न बोलता जमिनीवर बसले (ईयोब २:१३), तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडून कारणं सांगू लागले तेव्हा बिघडलं. "पाप झालं असेल", "विश्वास कमी पडला", "देवाला फूल आवडलं म्हणून खुडलं" ही वाक्यं बंद. कोणी रडली तर "रडू नको" म्हणायचं नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ येशू स्वतः रडला.

आणि पोटाचं आधी बघा. एलिया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा दूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा खाऊ घातलं (१ राजे १९:५-८). होरेब डोंगराची वाट त्यानंतर. ज्वारीचं पीठ, डाळ, तेल पंधरा दिवस पुरेल एवढं न्या, पण देताना फोटो काढू नका. पंचनामा, बँकेचे कागद, विधवेच्या पेन्शनचा अर्ज यासाठी मंडळीतला एक लिहिता-वाचता माणूस नेमून द्या. गलती ६:२ मधलं एकमेकांचं ओझं उचलणं ते हेच.

एक गोष्ट अजिबात पुढे ढकलू नका. कोणी "आता जगून काय" म्हणालं, झोप-जेवण सुटलं, आपलं सामान लोकांना वाटून देऊ लागलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही. फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून उचलून दुसरीकडे कुलपात ठेवायचं. मनाच्या त्रासासाठीचा सरकारी मदत-फोन टेलिमानस १४४१६ दिवसरात्र चालतो, बोलणं मोफत आहे. डॉक्टरकडे नेणं म्हणजे अविश्वास नव्हे. स्तोत्र वाचत राहा, पण गोळी बंद करायला कोणीही सांगू नये, पाळकांनीसुद्धा.

सातपुडा_वाचक
ताईंना पूर्ण पाठिंबा. दोन वचनांचा फार गैरवापर होतो. यिर्मया २९:११ मध्ये हिताचा संकल्प आहे खरा, पण दहाव्या ओवीत ७० वर्षं लिहिलीत, आणि पाचव्या ओवीत बंदी करून नेलेल्या लोकांना बाबेलमध्येच घरं बांधा, मळे लावा असं आहे. "पुढच्या हंगामात सगळं फिटेल" असा त्याचा अर्थ करून दिला तर हंगाम बिघडल्यावर माणूस देवावर रुसतो. चूक मात्र सांगणाऱ्याची. फिलिप्पै ४:१३ ("मला सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्वकाही करू शकतो") चंही तसंच. आधीच्या दोन ओव्यांत पौल भुकेत नि भरल्या पोटी दोन्हीकडे समाधानी राहायला शिकला म्हणतो, आणि हे बंदिवासातून लिहितो.

उपासाबद्दल. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता उपास धरू नये, साखर उतरून घाम, थरथर, भोवळ येते. गरोदर आणि बाळंतिणीलाही नको. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४ च्या पुढे जातो, तेव्हा बिनपाण्याचा उपास कोणीच करू नये. दानिएलाने तीन आठवडे पक्वान्न, मांस आणि द्राक्षारस सोडला (१०:२-३), तो मार्ग सगळ्यांना झेपतो. वाचलेले पैसे त्याच घराला द्यावेत.

तापीकाठ_शहादा
मनापासून आभार. ऊसतोडीच्या कुटुंबांचं सांगा. तिथे पहाटे कोयता हातात घ्यावा लागतो, रात्री गाड्या भरायच्या असतात. पुस्तक उघडायला उजेडही नसतो.

आबा_अमळनेर
मग पाठांतर. निघण्याआधीच्या आठ दिवसांत स्तोत्र १२१ पाठ करून घ्या. आठ ओव्या, रोज एक. वाटेला निघालेल्यांचंच ते स्तोत्र आहे. दिवसा ऊन बाधणार नाही, जाणं-येणं देव राखील, असं त्यात आहे. न वाचता येणाऱ्यांना ऐकवून पाठ होतं: तुम्ही अर्धी ओवी म्हणा, त्यांनी तीच परत म्हणावी, पाच वेळा. मोबाइलवर योहानाचं शुभवर्तमान आवाजी स्वरूपात भरून द्या, मेमरी कार्डात, कारण फडात रेंज नसते.

कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, गेल्यावर तास-तासाची बैठक ठरवू नका, दोन दिवसांत मोडते. भाकरी खाण्याआधी तीन मिनिटं: एक ओवी, एक गाऱ्हाणं, एक मागणं, प्रभूची प्रार्थना. एकाच मुकादमाकडे चार-पाच घरं असतील तर रविवारी रात्री एकत्र या. गावाकडून प्रत्येक कुटुंबाला एक ठरलेला माणूस आठवड्यातून एकदा फोन करील, त्याचं नाव निघण्याआधीच कागदावर लिहून द्या. फोनवर आधी मुलांची तब्येत आणि उचल (मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे) किती फिटली ते विचारा, मग प्रार्थना करा.

धुळे_ताई
त्या यादीत बाईला फोन करणारी बाईच ठेवा, आबा. नवऱ्यासमोर ती दुखणं सांगत नाही.